एलटीओ-6 टेप ड्राइव्ह आणि सॅस कार्ड : दिवाळीपासूनच्या वापरानंतर

व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यात जुना प्रोजेक्ट उडवायची सोय नसते. दोन वर्षांनी कुणीतरी फोन करून मुलीच्या लग्नाचं मूळ फुटेज मागतंच. हार्ड डिस्कांनी कपाट भरलं, तेव्हा पुण्यातच एक रिफर्बिश्ड एलटीओ-6 ड्राइव्ह घेतला (एलटीओ म्हणजे डेटा साठवायच्या टेप-कॅसेटचा प्रकार, 6 ही त्याची सहावी पिढी). टेबलावर ठेवायचा, हाफ-हाइट, सॅस जोडणीचा (सर्व्हरच्या डिस्का आणि टेप ड्राइव्ह जोडायची पद्धत). लिनक्सच्या मशीनला लावलाय. ड्राइव्हने आजवर त्रास दिलेला नाही. डोकं खाल्लं ते त्याच्या आजूबाजूच्या सामानाने, म्हणून हे लिहितोय.

आधी कार्ड. विक्रेत्याने सोबत एक रेड कार्ड (अनेक डिस्का एकत्र करून चालवणारं) दिलं होतं. मशीन सुरू होताना त्यावर ड्राइव्ह दिसायचा, लिनक्समध्ये गायब. बरीच रेड कार्डं डिस्क सोडून दुसरं काही पुढे सोडतच नाहीत. टेपला साधं एचबीए, म्हणजे नुसतं जोडणीचं कार्ड लागतं, जे मध्ये न लुडबुडता ड्राइव्ह जसाच्या तसा सिस्टिमच्या हवाली करतं. एलएसआय 9207-8ई हे जुनं कार्ड घेतलं, आयटी फर्मवेअरवालं, म्हणजे रेडच्या भानगडीत न पडणारं. त्याचा एमपीटी3सॅस ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये असतोच. केबलचं टोक मात्र नीट बघून घ्या : या कार्डाला आणि माझ्या ड्राइव्हला एसएफएफ-8088 नावाचं टोक लागतं, पुढच्या 12 गिगाबिटच्या कार्डांना एसएफएफ-8644. दोन्हीला लोक मिनी-सॅसच म्हणतात, आणि दुकानदारही हातात येईल ती देतो.

ज्यांनी जुनं पॅरलल स्कझी (सॅसच्या आधीची जोडणी) हाताळलंय त्यांना सॅस म्हणजे सुटका वाटेल. तिथे प्रत्येक उपकरणाला वेगळा आयडी (7 बहुधा कार्डाचा), साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, आणि एक जरी चुकलं तरी सगळी बस लटकलेली. इथे जंपर नाही, टर्मिनेटर नाही. ज्याचा त्याचा पत्ता कारखान्यातूनच ठरून आलेला.

केबल लावली, एलएसस्कझी (जोडलेली उपकरणं दाखवणारी कमांड) चालवलं, ड्राइव्ह दिसला. लिनक्स त्याला दोन नावं देतं, एसटी0 आणि एनएसटी0. काम संपलं की एसटी0 टेप गुंडाळून सुरुवातीला नेतो, म्हणजे दुसरा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो. स्क्रिप्टमध्ये कायम एनएसटी0 वापरा. दोन ड्राइव्ह असतील तर रीबूटनंतर नंबरांची अदलाबदल होऊ शकते. तेव्हा डेव्ह-टेप-बायआयडी खालचं नाव बरं.

आता खरा मुद्दा, वेग. एलटीओ-6 सेकंदाला 160 एमबी लिहितो. मोठ्या फाइलींना माझी डिस्क तेवढं पुरवते, पण फोटोंचं फोल्डर आलं की दम तोडते. ड्राइव्ह आपला वेग काही प्रमाणात कमी करतो, पण त्याहीखाली डेटा गेला की टेप थांबते, मागे जाते, परत पळते. आवाजावरूनच कळतं : एकसुरी घरघर बंद होऊन कुईं-खट्ट, कुईं-खट्ट सुरू. टेप आणि हेड दोन्ही घासतात, वेळ जातो तो वेगळाच. उपाय म्हणजे एमबफर, डेटा आधी रॅममध्ये साठवून मग पुढे सोडणारा प्रोग्रॅम. रॅममध्ये 8 जीबीचा हौद, तो 80 टक्के भरल्यावरच टेपकडे सोडायचा. टेपवर एका वेळी लिहायचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, 512 केबीचा; म्हणून टारला (फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणारी कमांड) बी 1024 असं सांगायचं. परत वाचतानाही तोच आकडा द्यायचा, नाहीतर ‘मेमरी मिळाली नाही’ असा एरर येतो आणि माणूस उगाच रॅमला दोष देत बसतो.

पूर्ण टेप भरायला साडेचार तासांच्या आसपास लागतात. खोक्यावरचा 6.25 टीबीचा आकडा डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) बसवल्याचा असतो, तो विसरून जा, व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. 2.5 टीबी धरून चाला. लिहितानाच मागचं हेड लिहिलेलं वाचून तपासतं, हे मला फार आवडतं. तरी मी चेकसमची (फाइल बदललीय का ते ओळखायच्या आकड्यांची) यादी वेगळी ठेवतो.

पंखा आवाज करतो, एडिटच्या खोलीत नको. पावसाळ्यात कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो, आणि एसीच्या खोलीत आणल्यावर लगेच ड्राइव्हमध्ये घालत नाही. क्लीनिंग कॅसेट दिवा लागल्यावरच. दर महिन्याला घालायची गरज नाही.

एकच फाइल काढायची असेल तर टेप पळवत बसावं लागतं, मिनिट-दोन मिनिटं सहज जातात. रोज उघडायच्या प्रोजेक्टसाठी हे नव्हेच. विंडोजवाल्यांना एनटीबॅकअप (विंडोजसोबत पूर्वी येणारा टेपवर बॅकअप घेणारा प्रोग्रॅम) गेल्यापासून वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, हेही खर्चात धरा.

‘थेट एलटीओ-8 का नाही?’ असं मित्र विचारतात. आठचा ड्राइव्ह सात आणि आठच वाचतो, सहा नाही. सातवाला मात्र पाच-सहा दोन्ही वाचतो आणि सहावर लिहितोही. माझ्याकडच्या सगळ्या कॅसेट सहाच्या, त्यामुळे दुसरा ड्राइव्ह घेतला तर सातचाच घेणार, आणि पैसे देण्याआधी दुकानातच माझ्या कार्डाला लावून एक टेप वाचून बघणार.