चप्पल लाईनचं एक दुकान: माल चोख, लेबल मात्र नाही

कोल्हापुरात चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या बाजारात, झाडून सगळ्या दुकानांवर ‘अस्सल कोल्हापुरी’ लिहिलेलं असतं, त्यामुळं पाटीला मी मोजत नाही. या दुकानात मात्र, “मामा, हातचं का मशीनचं?” विचारल्यावर सरळ उत्तर मिळालं. “हातचं अठराशे, मशीनचं सहाशे. मशीनचं हातचं म्हणून न्हाई विकत, दादा.”

मग त्यांनी दोन्ही जोड उलटे करून पुढ्यात ठेवले. हातच्या जोडाला खिळा नाही. सगळी शिलाई चामड्याच्या वादीची, टाके टाचेपाशी दाट आणि पुढं थोडे लांब. मशीनच्या जोडावर दोऱ्याची एकसारखी रेघ. वास घेतला तर फरक आणखी कळतो. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याला तुरट वास येतो, दुसऱ्याला नुसता सोल्यूशनचा.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपलं पायताण कोल्हापूरचं नाव न घेता मिरवलं, तेव्हा गावभर संताप होता, आणि रास्तच होता. मेक्सिकोतल्या त्लाहुइतोल्तेपेक गावच्या बायकांच्या भरतकामाच्या ब्लाऊजवरून २०१५ ला असाच वाद पेटला होता, तिथं फ्रेंच डिझायनर होती. पण २०१९ ला मिळालेला आपला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नाव राखतो, घाट नाही. मिलानवाल्यांनी नाव घेतलंच नव्हतं, तिथं तो काय करणार? उलट कुठलंतरी परगावचं रेग्झिन ‘कोल्हापुरी’ म्हणून इथं विकलं जातं, तिथं जीआय थेट लागू होतो. त्यावर कोण बोंबलतंय? आपणच घासाघीस करून तीनशेला नेतो आणि पहिल्या पावसात तळ सुटला की कोल्हापूरला शिव्या घालतो.

तक्रार एकच. अस्सलपणा तपासायला क्यूआर कोडचं लेबल निघालंय म्हणतात, ते इथल्या हातच्या जोडावर नव्हतं. मामांच्या शब्दावर मी घेतला, पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक कशाला घेईल?

कापशी घाटाची चप्पल घेतली. चपलेचा अंगठा पहिले काही दिवस चावला, तेल लावल्यावर बसला. चालताना करकर आवाज हवा असेल तर आधी सांगा, वेगळी बनवून देतात. दहाच्या वरचा नंबर तयार मिळत नाही. रविवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा नसते.