सांगलीत जुनी डिझेल हॅचबॅक: बलेनो, स्विफ्ट, लिवा, आय-ट्वेंटी, फिगो की पोलो?

तासगावहून सांगलीला रोज नोकरीसाठी ये-जा करणाऱ्याचं रनिंग महिन्याला साडेबाराशे किलोमीटर सहज होतं. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. पेट्रोल हॅचबॅकनं सोळाचं एव्हरेज दिलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. डिझेलनं वीसचं दिलं तर साडेचारच्या जरा वर. महिन्याला २४०० रुपयांच्या आसपास वाचतात, वर्षाला २९ हजार. डिझेलची महाग सर्व्हिस आणि कधीमधी निघणारं क्लच किंवा इंजेक्टरचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचं) काम त्यातून वजा केलं तरी हिशेब जमतो. पण विश्रामबागेतून शाळा, शाळेतून बाजार आणि परत घर एवढंच, दिवसाला आठ-दहा किलोमीटर फिरायचं असेल तर डिझेल घेऊ नका. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि इनटेक म्हणजे हवेच्या वाटेत काजळी साठते, आणि पिकअप पडला की मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. महिन्याला हजार किलोमीटरच्या खाली रनिंग असणाऱ्यानं पेट्रोल किंवा सीएनजी बघावी.

एप्रिल २०२० ला प्रदूषणाचं कडक बीएस ६ मानक लागू झालं आणि मारुतीनं डिझेल पूर्ण बंद केलं. लिवा, पोलो आणि जॅझची डिझेलही तेव्हाच संपली. त्यामुळे बाजारात दिसतात त्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या बीएस ४ च्या. रोजच्या वापराला हे सोयीचंच आहे, कारण या हॅचबॅकमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नाही. २०२० नंतरची आय-ट्वेंटी १.५ किंवा अल्ट्रोज डिझेल गाडी म्हणून चांगली आहे, पण त्यांचा डीपीएफ साफ व्हायला अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत मोकळ्या रस्त्यावर पळावं लागतं. आठवड्याला कोल्हापूर किंवा कराडची फेरी असणाऱ्यानंच त्या घ्याव्यात.

आता गाड्या. आमची पहिली पसंती २०१६ ते २०१९ ची बलेनो डिझेल. इंजिन स्विफ्टचंच: फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट, ताकद ७५ पीएस, ओढ (टॉर्क) १९० न्यूटन मीटर. हेच मूळ इंजिन डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा आणि पुंटोमध्ये होतं. त्यामुळे सांगली, मिरज, कुपवाडमध्ये हे इंजिन कधी खोललंच नाही असा मिस्त्री शोधूनही सापडायचा नाही. फिल्टर, सेन्सर, क्लच सेट त्याच दिवशी मिळतो. स्विफ्टपेक्षा बलेनोत जास्तीचं काय, तर ३३९ लिटरची डिकी, मागच्या सीटवर तीन माणसं बसतील एवढी जागा, आणि अगदी खालच्या व्हेरिएंटलाही दोन एअरबॅग आणि एबीएस. २०११ ते २०१७ च्या स्विफ्टची डिकी २०४ लिटरची, दोन बॅगा ठेवल्या की भरली. तिच्या खालच्या व्हेरिएंटला एअरबॅगही नाहीत. फेब्रुवारी २०१८ ची नवी स्विफ्ट आली तेव्हा दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या व्हेरिएंटना मिळाले आणि डिकी २६८ लिटरची झाली. स्विफ्टच घ्यायची असेल तर ही घ्या.

या इंजिनाचे दोन स्वभाव समजून घ्यायला हवेत. पहिला, १८०० आरपीएमच्या खाली ते मेलेलं असतं आणि २००० ला टर्बो एकदम ओढतो. पाच माणसं आणि एसी चालू असताना आंबा घाटात तिसऱ्यावर रेटत बसाल तर क्लच खराब कराल. सरळ दुसरा टाकावा. दुसरा, पिस्टन आणि व्हॉल्व्हची लय राखायला यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. 'चेन म्हणजे आयुष्यभर बघायला नको' असं विकणारा छातीठोक सांगतो, ते अर्धंच खरं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. मागच्या मालकानं दहा हजाराऐवजी वीस हजाराला ऑइल बदललं असेल, किंवा लेव्हल कमी ठेवून गाडी पळवली असेल, तर चेन ढिली होते. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर चालेल. टायमिंग कव्हरच्या बाजूनं पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतच राहिला तर चेन, टेन्शनर आणि गाइडचं काम आहे. त्याचा खर्च भावातून कापा, नाहीतर गाडी सोडा.

टोयोटा इटिऑस लिवा लोकांच्या नजरेत भरत नाही, म्हणून ती त्या मानानं स्वस्त मिळते. १३६४ सीसी, ६८ पीएस, १७० न्यूटन मीटर. आकडे छोटे वाटतात, पण ओढ खालूनच येते. ट्रॅफिकमध्ये सारखा गिअर बदलावा लागत नाही, आणि ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागं दुसऱ्या-तिसऱ्यावर रांगायचं असतं तेव्हा हे फार कामाला येतं. इंजिन चेनचं आणि काटक. प्लॅस्टिक साधं, मीटर डॅशबोर्डच्या मधोमध, इंजिनाचा आवाज आत येतो. कमी खर्चात आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर आमच्या मते बलेनोच्या बरोबरीची गाडी हीच. आरसीवर मात्र एक गोष्ट तपासा: आधी टॅक्सी परमिटवर होती का. पिवळी पाटी उतरवून पांढरी लावलेली गाडी मीटरवर नव्वद हजार दाखवते आणि खरी तीन लाख पळालेली असते.

एलिट आय-ट्वेंटी १.४, म्हणजे २०१४ नंतरची, ही या सगळ्यांत घरच्यांना सर्वांत जास्त आवडणारी. ९० पीएस, २२० न्यूटन मीटर, सहा गिअर. पुणे-बेंगळुरू हायवेवर शंभरच्या वेगात शांत पळते. पण स्टिअरिंग त्या वेगात हलकं लागतं, आणि बाजारात मागणी असल्यानं त्याच पैशात बलेनोपेक्षा एक-दोन वर्षं जुनी गाडी पदरात पडते.

फिगो १.५, २०१५ नंतरची, ही मनापासून गाडी चालवणाऱ्याची. १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर एवढ्या हलक्या अंगात आहेत. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केल्यानं लोक घाबरतात आणि भाव पडतो. इंजिनाचे पार्ट इकोस्पोर्टशी जुळतात, ते मिळतात. बंपर, हेडलाइट, दाराच्या काचा यांसाठी थांबावं लागतं. तेवढी तयारी असेल तर पैसे वसूल होतात. पोलो १.५ टीडीआयची, २०१४ नंतरची, बांधणी सर्वांत घट्ट, दार लावतानाच कळतं. १.२ ची तीन सिलिंडरची जुनी पोलो थरथरते, ती नकोच. पण फिगो आणि पोलो दोन्हींना टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर ते काम बाकी आहे असंच धरा. तोंडी 'बदललाय' याला किंमत नाही. होंडा जॅझ डिझेलची डिकी ३५४ लिटरची आणि काही व्हेरिएंटमध्ये मागची सीट उभी दुमडते. सामान नेणाऱ्या दुकानदाराला सोयीची, पण पार्ट महाग आणि इंजिन आवाज करतं.

मॉडेल ठरलं, आता त्या एका गाडीची परीक्षा. सांगलीत ती पुरापासून सुरू होते. ऑगस्ट २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला कृष्णेचं पाणी शामरावनगर, गावभाग, मारुती चौक अशा भागांत शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीट कव्हर नवं, पॉलिश चकचकीत, आत अत्तराचा वास. वरून काही दिसत नाही.

ड्रायव्हरचा सीट बेल्ट हळूहळू ओढत शेवटपर्यंत बाहेर काढा. रोजच्या वापरात बेल्टचा शेवटचा हातभर भाग बाहेर येतच नाही, त्यामुळे तो कोणी धूत नाही. तिथं पट्ट्यावर आडवी मातकट रेघ दिसली, किंवा चिमटीत धरून चोळल्यावर बोटाला काळपट पीठ लागलं, तर गाडी तिथवर पाण्यात होती. मग पुढची सीट मागं सारून रेलचे बोल्ट बघा. वरचं कार्पेट वाळतं, पण त्याखालचं फेल्ट महिनोन्‌महिने ओलं राहतं आणि रेलला गंज चढतो. स्टेपनी काढून खालच्या खळग्याचे कोपरे, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंची डोकी, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर आणि हेडलाइटच्या आतली पाण्याची रेघ, एवढं बघायला दहा मिनिटं पुरतात. अशा गाडीचं इंजिन कदाचित नीट असेल, पण वायरिंग दर पावसाळ्यात नवा दिवा लावेल. ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

कागदावरूनही पूर सापडतो. २०१८ पासूनच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस ३५ टक्के असताना २०१९-२० च्या नूतनीकरणात एकदम शून्य झाला असेल तर बहुधा क्लेम झाला. कशाचा, ते विचारा. बोनस वाचवणारं ॲड-ऑन असेल तर मात्र ही खूण मिटलेली असते, म्हणून सीट बेल्ट बघायचाच.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या गाडीत उलटा प्रश्न असतो. तिकडं पाणी नाही, धूळ आहे. एअर फिल्टरचा डबा उघडा आणि फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ बाजूला बोट फिरवा. तिथं मातीचा थर असेल तर तीच धूळ टर्बोच्या पात्यांवर आणि पुढं सिलिंडरमध्ये गेलेली आहे.

गाडी बघायला सकाळी जा आणि 'चालू करून ठेवू नका' असं आदल्या दिवशीच सांगा. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर संध्याकाळी परत या. ग्लो प्लगचा (थंड सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझल्यावर दोन-तीन सेकंदांत इंजिन सुरू व्हायला हवं. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. तो टिकून राहिला आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर इंजेक्टर, ग्लो प्लग किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी बिघडलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: टर्बोचं सील किंवा पिस्टन रिंग. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा भपका आला तर इनटेकची नळी फाटली आहे का आणि ईजीआर अडकलाय का, ते आधी बघा. हे स्वस्तातलं काम असतं आणि त्यावर भाव चांगला उतरतो.

इंजिन आयडलवर असताना ऑइल फिलरचं झाकण सोडवून तोंडावर नुसतं ठेवा. थरथरेल, एवढं साहजिक. उडून पडत असेल आणि खालून धुराचे फुत्कार येत असतील तर रिंगा गेल्या. कूलंटच्या टाकीचं झाकण फक्त थंड इंजिनावरच उघडा. तेलाचा तवंग किंवा इंजिन चालू केल्यावर एकसारखे बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट गेलं. रस्त्यावर चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले आणि वेग तिथंच राहिला तर क्लच प्लेट संपली. तिसऱ्यावर १५०० पासून ओढा. २००० च्या पुढं सायरनसारखी शिट्टी आली तर टर्बोचं बेअरिंग बघावं लागेल.

यानंतरही गाडी आवडली तर ती पंप-नोझलच्या दुकानात न्या. इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवतात. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं साठायला हवं. एकीत दुप्पट आलं तर तो इंजेक्टर खराब झाला. सोबत स्कॅनर लावून रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि जुने एरर कोड बघून घ्या. या दोन तपासण्यांना नकार देणाऱ्या विक्रेत्याशी पुढं बोलण्यात अर्थ नाही.

मीटर मागं फिरवणं आता पाच मिनिटांचं काम झालंय. साठ हजार दाखवणाऱ्या गाडीचा क्लच पेडलचा रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगचा कडा चकाकणारा असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडी नंबरवर जुनी नोंद काढून घ्या. ट्रॉलीला मागून धडकलेल्या गाडीत बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला आणि रेडिएटर सपोर्टची वेल्डिंग वेगळी दिसते. दारांवर साधं चुंबक फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

कागदपत्रांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५, विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलनं एवढं बघा. सांगलीच्या एमएच १० ची गाडी घेतली तर काम इथंच होतं. एमएच ११ (सातारा), ५० (कराड) किंवा ०९ (कोल्हापूर) लाही अडचण नाही. मिरजेच्या बाजूला कर्नाटकातल्या, केए २३ किंवा केए २८ च्या स्वस्त गाड्या येतात. त्यांना तिकडची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो, तो मिळवून भाव बघा. दिल्लीकडच्या दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांचंही तसंच. आणि आरसीवरची पंधरा वर्षं कधी संपतात ते आधी पाहा: २०१२ ची गाडी आज घेतली तर फिटनेस आणि पर्यावरण कराचा खर्च दाराशीच आहे.

गाडी घरी आली की मागच्या मालकाच्या बिलांवर न जाता इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि कूलंट एकाच दिवशी बदला, आणि बदललेल्या तारखेचं रनिंग डॅशबोर्डच्या कप्प्यात लिहून ठेवा. जुनं डिझेल फिल्टर फेकण्याआधी पांढऱ्या भांड्यात उलटं करून बघा. तळाला पाणी साठलं तर टाकीही काढून धुवावी लागेल. हे काम इंजेक्टर जाण्याआधीच करून घ्या.