बेहडा सांगून मादागास्करची झाडं गळ्यात मारली

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कंपाउंडलगत सावलीसाठी देशी झाडं लावायची ठरलं, आणि एकमत बेहड्यावर झालं. येऊरच्या जंगलातलं आपलं झाड, वाढतंही उंच. फळ त्रिफळ्यातलं, आतली बी फोडून खातात. (जास्त खाल्ली तर गुंगी येते, असं जुनी माणसं बजावतात.)

एका नर्सरीवाल्याने "आठ फुटी बेहडा, रेडी माल" म्हणत रोपामागे १,८०० रुपये घेतले. बिलावर नुसतं 'झाडे'.

पुढे फांद्या मजल्यांसारख्या आडव्या पसरल्या, पानं मात्र बोटाएवढीच राहिली. विचारलं तर म्हणाला, "लहानपणी पान लहानच असतं साहेब, नंतर बदलतं." हे धादांत खोटं आहे. शेजाऱ्यांचे वडील शहापूरहून आले होते. काकांनी एक पान खुडलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "अहो, याला देठच नाही. बेहडा कसला हा?" झाड निघालं टर्मिनॅलिया मँटली, मूळचं मादागास्करचं. कूळ बेहड्याचंच, त्यामुळे हा माल सहज खपवता येतो. पैसे मागायला गेलो तर उलट आम्हालाच विचारतो, "बिलावर बेहडा कुठे लिहिलाय?" लोकांनी वर्गणी काढून दिलेले पैसे होते ते. अजून संताप होतो.

म्हणून रोप घेताना पान हातात घ्याच. बेहड्याचं पान साधारण १० ते २० सेंमी लांब, रुंद, फांदीच्या टोकाशी झुपक्याने येणारं. देठ चांगला लांब, आणि पानाच्या बुडाशी देठावर बहुधा दोन बारीक गाठी दिसतात. मँटलीचं पान छोटं, जवळजवळ बिनदेठाचं. बिलावर 'बेहडा, टर्मिनॅलिया बेलिरिका' असं लिहून घेतल्याशिवाय पैसे काढू नका. नर्सरीवाला लिहायला कां-कूं करत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता काकांनी गावाकडून फळं पाठवली आहेत, राखाडी-तपकिरी, मखमली लव असलेली. गर काढून बिया दिवसभर पाण्यात भिजवायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर उंच पिशव्यांत पेरायच्या, कारण सोटमूळ खोल जातं आणि आखूड पिशवीत ते वेटोळं घालतं. वरून जाळी लागेलच. उंदीर आणि खारी बिया उकरून नेतात.