पाटीवरच्या पदव्या कशा वाचायच्या: सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट की समुपदेशक?

एकाच इमारतीत दोन पाट्या आहेत असं समजा. एकीवर 'डॉ. अमुक, एम.ए., पीएच.डी. (मानसशास्त्र)' आणि दुसरीवर 'तमुक, एम.फिल. (क्लिनिकल सायकॉलॉजी), आरसीआय नोंदणीकृत'. आपल्यातले बहुतेक जण पहिल्या दाराची बेल वाजवतील. 'डॉ.' आहे ना! घरात कुणाला वारंवार पॅनिक अटॅक येत असतील, तर मी दुसरं दार ठोठावेन.

कारण सरळ आहे. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी. ती शे-दोनशे लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन, एकाही रुग्णासमोर न बसताही मिळू शकते. याउलट एम.फिल. म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षं पूर्णवेळ प्रशिक्षण: वॉर्ड, ओपीडी, केस हिस्टरी, चाचण्या, थेरपी आणि डोक्यावर सतत वरिष्ठांची देखरेख. बंगळुरूच्या आजच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ साली पदविका म्हणून सुरू झालेला अभ्यासक्रम पुढे एम.फिल. झाला. १९९२च्या कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही अशाच प्रशिक्षणावर बेतलेली आहे. अर्थात एम.फिल. आणि पीएच.डी. दोन्ही केलेले लोकही आहेत. तसं असेल तर प्रश्नच मिटला.

एक भानगड मात्र आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं आणि या विषयाला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली. पुढच्या पिढीच्या पाट्यांवर साय.डी.सारख्या (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) वेगळ्या पदव्या दिसतील. म्हणून पदवीच्या अक्षरांपेक्षा नोंदणी क्रमांक महत्त्वाचा. तो मागा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर नावाशी ताडून पाहा. क्रमांक विचारल्यावर कुणी फणकारलं, तर तिथेच नमस्कार करून निघावं.

आता सायकियाट्रिस्ट. म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. हे एमबीबीएस झालेले, मग याच विषयात एम.डी., डीएनबी किंवा डीपीएम (पदविका) केलेले डॉक्टर. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. औषधं हेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही. कानात आवाज येणं, रात्र रात्र झोप नसूनही उत्साह उतू जाणं, घरच्यांवरच विषप्रयोगाचा संशय, जीव देण्याची भाषा: यात आधी सायकियाट्रिस्ट, थेरपीचं नंतर बघू. दारू एकदम सोडल्यावर हात थरथरायला लागले आणि भास व्हायला लागले, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. बायपोलर आजारात (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य) लिथियम हे औषध चालू असेल तर मधूनमधून रक्त तपासावं लागतं. हे काम गप्पांनी होत नाही.

मग सायकॉलॉजिस्टकडे कशासाठी जायचं? ओसीडी घ्या, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणं. दाराच्या कडीला हात लागला की वीस वेळा हात धुणारा माणूस. थेरपीत त्याला कडीला हात लावायला सांगतात आणि मग न धुता बसायला. जीव कासावीस होतो, घाम फुटतो, पण हळूहळू ती लाट ओसरते. मग पुढची, जरा अवघड पायरी. हे बसून करून घ्यायला प्रशिक्षणच लागतं. 'मनावर ताबा ठेवा' म्हणणारा कुणीही चालत नाही.

दुसरं काम चाचण्यांचं. स्मृतिभ्रंशाची शंका, मुलाची बुद्धिमत्ता, अध्ययन अक्षमता. बिने-कामत चाचणी आजही वापरतात, व. वि. कामतांनी ती १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती. दहावीच्या सवलतीसाठी जात असाल तर पैसे भरण्याआधी शाळेत विचारा, कारण खासगी रिपोर्ट पुरत नाही, ठरावीक सरकारी केंद्राचंच प्रमाणपत्र मागतात.

समुपदेशकांकडे सहसा समुपदेशन मानसशास्त्रातली एम.ए. असते, आरसीआय नोंदणी नसते. त्यात गैर काही नाही. लग्नातली धुसफूस, करिअरचा गोंधळ, माणूस गेल्याचं दुःख यांसाठी चांगला समुपदेशक पुरेसा असतो, आणि फीसुद्धा बहुधा कमी. फक्त विचारा: अडलेली केस कुणाशी बोलता आणि कुठल्या टप्प्यावर पुढे पाठवता? सगळं मीच बरं करतो म्हणणारा नको. शनिवार-रविवारच्या कोर्सवर झालेल्या 'माइंड कोच' मंडळींबद्दल न बोललेलंच बरं.

पाटीवर न दिसणारी एक पात्रता म्हणजे भाषा. शिक्षण बहुतेकांचं इंग्रजीतून झालेलं. आजी म्हणते 'जीव घाबरा होतो', 'अंगात कसंनुसं होतं'. हे ऐकून नेमकं काय विचारायचं हे समोरच्याला कळायला हवं. फोनवरच विचारून घ्या, सेशन पूर्ण मराठीत होईल का. मी तर दोन सारख्या पात्रतेच्या माणसांत याच निकषावर निवड करेन.

एवढं करूनही कुठल्या दाराशी जायचं ते ठरत नसेल, तर येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांची ओपीडी आहे, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. केसपेपर काढला म्हणजे भरती व्हावं लागतं असं नाही. आणि रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.