मॅग्नेटिक पेंट, आठ महिन्यांनंतर: आधी डबा ढवळा

जूनमध्ये एका रात्री अडीच वाजता जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवरून चुंबकाने लावलेला किल्ल्यांचा जुडगा आणि गॅसचं पुस्तक धाडकन खाली आलं. सासूबाई घाबरून उठून बसल्या. सकाळी मी भिंतीवरच्या या मॅग्नेटिक पेंटला रिव्ह्यूत एक तारा देऊन मोकळी झाले. आज तीन देतेय. मधल्या काळात काय कळलं ते सविस्तर लिहिते, कारण एका लिटरला साडेतीन हजार मोजलेत आणि तुमचे तरी फुकट जाऊ नयेत.

हा रंग स्वतः चुंबक नसतो, हे घेणाऱ्यांना माहीत असतंच. प्रायमरमध्ये लोखंडाचा बारीक भुगा कालवलेला असतो आणि त्याला चुंबक चिकटतं. आमचा तुकडा चार फूट बाय पाच फूट. फेब्रुवारीत नेहमीच्या रंगाऱ्याकडून तीन हात मारून घेतले, वर भिंतीच्या रंगाचे दोन हात. "ताई, तीन हात झालेत, आता चिंता नाही," असं काका म्हणाले आणि मीही निश्चिंत झाले.

किल्ल्या पडल्यावर मी दहा मिलिमीटरचं एक निओडिमियम बटण (छोटं पण जोरदार चुंबक) घेतलं आणि त्याखाली झेरॉक्सचे कोरे कागद एकेक वाढवत गेले. वर डावीकडे दोन कागदांवरच सगळं घसरलं. खाली उजवीकडे तेच बटण सात कागद धरून राहिलं. एकाच भिंतीवर, एकाच दिवशी मारलेल्या रंगात इतका फरक! दुकानदार म्हणाला, उघडलेला डबा परत घेत नाही. कंपनीकडून दोन आठवड्यांनी उत्तर आलं की तीन हात आवश्यक आहेत. अहो, तीनच मारलेत की! त्या उत्तराने माझं डोकं आणखी तापलं.

ऑगस्टमध्ये रिकामा डबा घासून वापरात आणावा म्हणून झाकण काढलं. तळाशी बोटभर जाडीचा काळा, रव्यासारखा थर घट्ट बसलेला होता. जुन्या सुरीने खरवडला तेव्हा हाताला त्याचं वजन जाणवलं. मी ज्याचे पैसे दिले होते ते लोखंड भिंतीवर गेलंच नव्हतं, डब्यातच राहिलं होतं. काकांनी सुरुवातीला काडीने दोन मिनिटं ढवळलं आणि रंग ट्रेमध्ये ओतला. ट्रेमध्येही भुगा खाली बसत राहिला. तिन्ही हातांची सुरुवात वर डावीकडून, म्हणजे तिथे दर वेळी वरचा पातळ रंग लागला आणि तळचा दाट रंग खाली उजव्या कोपऱ्याला मिळाला. कागदांचा हिशोब तंतोतंत जुळला.

काकांचा यात दोष नाही. आपल्याकडचा साधा रंग दोन मिनिटं ढवळला की पुरतो, त्यांनी त्याच सवयीने केलं. माझा राग लेबलवर आहे. "वापरण्यापूर्वी नीट ढवळा" ही ओळ मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती झाकणावर, मराठीत, ठळक हवी. शिवाय "काम करताना दर पाच मिनिटांनी पुन्हा ढवळा" हे तर कुठेच नाही. ज्या एका गोष्टीवर सगळं काम अवलंबून आहे ती लपवायची आणि तक्रार आली की हात मोजायला लावायचे, हे चूकच आहे.

मग हट्टाने त्याच कंपनीचा आणखी एक डबा आणला. ड्रिल मशीनला ढवळायचा दांडा लावून दहा मिनिटं फिरवला, पुढेही सतत ढवळत राहिले. मुलाच्या कपाटाच्या दाराला आतून चार पातळ हात मारले, प्रत्येक हात पूर्ण सुकू दिला, मध्ये पॉलिश पेपर फिरवला. तेच बटण नऊ कागद धरतं. रंग तोच, हात एकच जास्त, पण खरा फरक ढवळण्याचा. त्या दिवशी मी तो एक ताऱ्याचा शेरा मागे घेतला.

त्या दारावर आता महाराष्ट्राचा नकाशा आहे. रबरी चुंबकाच्या शीटमधून छत्तीस जिल्हे कापले. मुलगा रोज ते विस्कटतो आणि परत लावतो. पालघर 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, हे त्याला तो तुकडा हातात घेऊनच कळलं. मुलांसाठी मुद्दाम रबरी शीटच घेतली. निओडिमियमची दोन बटणं पोटात गेली तर आतड्याच्या पडद्यांपलीकडून एकमेकांना खेचतात आणि आतडं फाटू शकतं. आमची बटणं वरच्या बाजूला असतात आणि मोजून ठेवलेली असतात. सासऱ्यांना पेसमेकर आहे, त्यामुळे बटण खिशात ठेवायचं नाही हाही घरचा नियम. नुसत्या रंगाने मात्र त्यांना काही होत नाही.

रबरी चुंबकाची ओढ पृष्ठभागापासून एक-दोन मिलिमीटरच पोचते. म्हणून वरचा रंग पातळ हवा. वर लांबी (भिंतीची पुट्टी) भरलीत तर चुंबक धरणारच नाही. लांबी भरायची असेल तर ती खाली, मॅग्नेटिक पेंटच्या आधी.

गणपतीत सगळ्यात जास्त आनंद झाला. 2018 पासून थर्माकोल बंद, त्यामुळे मखराचा दरवर्षी प्रश्न. या वर्षी पातळ प्लायच्या तीन फळ्यांना हा रंग मारला, वर पिवळा, आणि कागदी फुलांच्या मागे छोटी चुंबकं. पाचही दिवस आरास वेगळी केली, एकही टाचणी लागली नाही. आधी पुठ्ठ्यावर करून पाहिलं होतं, पण रंगातलं पाणी आणि भुग्याचं वजन यांनी पुठ्ठा पापडासारखा वाकला. प्लायच घ्या. फळ्या माळ्यावर ठेवल्यात, पुढच्या वर्षी नव्या रंगात येतील.

पावसाळ्याबद्दलची माझी तक्रार मात्र कायम आहे. आमची ती भिंत पश्चिमेची, डोंबिवलीचा पाऊस थेट तिच्यावर येतो. जुलैअखेर खालच्या कडेला तांबूस ठिपके उमटले. आतला भुगा ओलीने गंजला. खरवडून ऑइल प्रायमर लावला तेव्हा थांबलं. बाहेरची भिंत, मोरी, बाथरूम इथे हा रंग लावू नका.

आणि फक्त नोटीस बोर्डच हवा असेल तर पत्र्याच्या दुकानात जा. माझ्याच मापाचा 26 गेजचा (साधारण अर्धा मिलिमीटर जाड) जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा साधारण सात किलोचा, मला सातशेच्या आत भाव सांगितला. माझ्या डब्यातलं सगळं लोखंड धरलं तरी दोन किलोच्या आतच. पकड कोणाची जास्त असणार ते उघड आहे. कडा न दिसता, हवा तो आकार, कपाटाचं दार, फळी, असं काही करायचं असेल तरच रंगाचे पैसे वसूल होतात.

दिवाळीआधी वरचा डावा कोपरा घासून दोन हात वाढवणार आहे. उरलेला डबा झाकण घट्ट लावून कालच उलटा ठेवलाय, म्हणजे भुगा झाकणाकडे बसेल आणि उघडल्यावर दांडा थेट त्यात जाईल.