ब्लेंडर सायकल्सचा ऑर्थोग्राफिक कॅमेरा: मापाला चोख, काचेपुढे हतबल

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ‘सायकल्स’ या रेंडर इंजिनमधून काढलेल्या एलिव्हेशनवर (इमारतीच्या एका बाजूच्या सरळ चित्रावर) स्केलपट्टी ठेवून माप घ्यायचं असेल, तर पर्स्पेक्टिव्ह कॅमेरा बाद. लेन्स ५० ची ५०० मिमी करून कॅमेरा दहापट लांब नेला, तरी पुढे आलेली बाल्कनी किंचित मोठीच दिसते. सगळे किरण एकाच बिंदूतून निघतात ना! सायकल्सचा ऑर्थोग्राफिक कॅमेरा किरण समांतर सोडतो, त्यामुळे लांब-जवळ हा भेदच उरत नाही.

‘ऑर्थोग्राफिक स्केल’ म्हणजे चित्राच्या मोठ्या बाजूत मावणारं खरं अंतर, मीटरमध्ये. आडवा ए३ कागद ४२० मिमी रुंद, म्हणून १:१०० साठी ४२ आणि १:५० साठी २१. रेझोल्यूशन ३०० डीपीआयला ४९६१ × ३५०८. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, नाहीतर एवढा हिशोब पाण्यात.

नमपॅडचा ५ दाबून फक्त व्ह्यूपोर्ट बदलतो. कॅमेऱ्याचा प्रकार त्याच्या लेन्स सेटिंगमध्येच बदलावा लागतो. कॅमेरा मागेपुढे सरकवूनही काही लहान-मोठं होत नाही. फार पुढे नेला तर छज्जा तेवढा कापला जातो.

चित्र सपाट वाटू नये म्हणून सन लाइटला रोटेशन एक्स ५४.७३६°, झेड −४५° द्या (कॅमेरा +वाय दिशेला बघत असताना). मग ६० सेंमी पुढे आलेल्या छज्ज्याची सावली भिंतीवर बरोबर ६० सेंमी खाली उतरते. जुन्या ड्राफ्ट्समनची ही रीत इथे फुकटात मिळते.

खरी अडचण काचेची. किरण समांतर, म्हणून सपाट काचेवरून परतणारे किरणही समांतर. सगळे एचडीआरआयचा (भोवतालचा उजेड देणाऱ्या ३६०° चित्राचा) एकच ठिपका पकडतात आणि काच रंगवलेल्या पत्र्यासारखी दिसते. पार्श्वभूमीचंही तेच, अख्खं आकाश एका रंगाचं. काचेला अगदी हलका बम्प (पृष्ठभागाचा आभासी उंचसखलपणा) द्या. आकाशासाठी फिल्ममध्ये ‘ट्रान्सपरंट’ लावून ते नंतर मागे जोडा.

सेक्शनसाठी (इमारत कापून आतलं दाखवणाऱ्या चित्रासाठी) ‘क्लिप स्टार्ट’, म्हणजे कॅमेऱ्याला ज्याच्या अलीकडचं दिसत नाही ते अंतर, वाढवायचा मोह आवरा. ते फक्त कॅमेऱ्याच्या किरणांना लागू होतं. उजेडाच्या दृष्टीने भिंत जागेवरच असते, त्यामुळे खोल्या काळोख्या राहतात आणि कापलेल्या भिंती पोकळ दिसतात. बूलियनने (एका आकाराने दुसरा कापणाऱ्या मॉडिफायरने) कापा: उजेड आत येतो, भिंतींची कापलेली बाजूही भरीव मिळते.

एलिव्हेशन, सेक्शन, आयसोमेट्रिकला (तिन्ही बाजू एकाच मापात दाखवणाऱ्या तिरक्या चित्राला) हाच कॅमेरा घ्या. गिऱ्हाइकाला दिवाणखाना दाखवायचा असेल तर २४ मिमी पर्स्पेक्टिव्ह, रोटेशन एक्स ९०°, आणि उंचीची जुळवाजुळव ‘शिफ्ट वाय’ने (कॅमेरा न कलवता चौकट वर-खाली सरकवून).