तारखा वाचण्यासाठी ग्लिबसी की मसल?

वणी, हिंगणघाट किंवा पांढरकवड्याकडील जिनिंगच्या वजनकाट्यावरील पावत्या नोंदवणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचा असेल, तर तो डेबियन या लिनक्सच्या ग्लिबसीवर चालवावा की अल्पाइन आणि ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सच्या प्रकारांमधील मसलवर (दोन्ही सी भाषेच्या मूळ लायब्ररी), हे तारखा कोणत्या रूपात येतात ते पाहूनच ठरवावे. मजकुरातून तारीख काढणारे स्ट्रपटाइम हे फंक्शन पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाचे आहे, सी मानकाचे नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइममध्ये ते नाही आणि विंडोजवर ते काम स्वतःच लिहावे लागते.

१४-११-२०२३ अशी साधी तारीख ग्लिबसी आणि मसल सारखीच वाचतात. (पावतीवर देवनागरी अंक असतील, तर ते मात्र आधी बदलून घ्यावेत, साधा संकेत, म्हणजे तारखेचा साचा सांगणारे %d सारखे चिन्ह, ते दोन्हीकडे नाकारतो.) दिवस, महिना आणि वर्ष मिळाले की ग्लिबसी वारही काढून ठेवते, मसल ठेवत नाही, त्यामुळे आठवडी बाजाराच्या वारानुसार आवक मांडायची असेल, तर मसलवर तारखेच्या भागांवरून वार आणि सेकंदांतील वेळ काढणारे एमकेटाइम हे फंक्शन वापरणे भाग आहे.

खरी तफावत वेळेच्या विभागात दिसते. शेतातील हवामान यंत्र वेळेपुढे +०५३० पाठवत असेल, तर ग्लिबसी लहान झेडच्या (%z) संकेताने तो साडेपाच तासांचा फरक वाचून वेगळ्या रकान्यात ठेवते, परंतु एमकेटाइम त्या रकान्याकडे पाहत नाही, म्हणून १९,८०० सेकंदांचा हिशेब आपणच करायचा असतो. मसलच्या जुन्या आवृत्त्या तो संकेत ओळखतच नाहीत आणि वाचन अपयशी ठरते. आयएसटी (भारतीय प्रमाणवेळ) ही अक्षरे पाठवणे तर टाळावेच: ग्लिबसी ती अर्थ न लावता ओलांडते, आणि फ्रीबीएसडी ही दुसरी युनिक्स प्रणाली ती यंत्राचा स्थानिक विभाग त्याच नावाचा असेल तरच स्वीकारते. अंकी फरक येत असेल, तर माझा कौल ग्लिबसीला आहे.

दोन अंकी वर्षापुढे मात्र लायब्ररी बदलून काही साधत नाही. पॉझिक्सच्या नियमाने ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८; त्यामुळे जुन्या यादीतील ६२ साली जन्मलेला शेतकरी २०६२ मध्ये जन्माला येतो. ३१-०२-२०२३ ही तारीखही दोन्ही लायब्ररी निमूटपणे स्वीकारतात आणि एमकेटाइम ती ३ मार्च करून देते.

स्वस्त ३२-बिट बोर्डावर मसलची बाजू वरचढ आहे: २०२० च्या १.२.० आवृत्तीपासून तिची वेळ ६४-बिट आहे, तर ग्लिबसीत ही सोय २०२१ च्या २.३४ मध्ये आली आणि ती संकलन करताना मुद्दाम मागावी लागते. न मागितल्यास १९ जानेवारी २०३८ नंतरची वेळ तिथे साठवता येत नाही.